बालसखी : शिकणाऱ्या मुलाचा सोबती

भोसल्यांचा राजवाडा व तलाव यांमुळें सक्करदऱ्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु कोणत्याही वस्तीचें खरें धन म्हणजे तिचीं मुलें होत. म्हणून ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत, मुलांच्या शिक्षणास शाळेबाहेरून हात देणाऱ्यांचा इतिहास थोडक्यांत सांगणें आम्ही उचित समजतों.

शाळेंत नांव घातलें म्हणजे मूल शिकलें, असा पुष्कळांचा समज असतो. पण तिसरींतल्या मुलास पहिलीचें पुस्तक वाचतां येत नसेल, तर तें वर्गांत असूनही वर्गाबाहेरच राहतें. मास्तरांस पुढील धडा घ्यावयाचा असतो. मागें राहिलेल्याजवळ कोण बसणार?

हा प्रश्न जुना आहे. इटलींतील ट्यूरिन शहरीं ८ डिसेंबर १८४१ रोजीं संत योहान बॉस्को यांनीं एका निराधार मुलास जवळ घेऊन धर्मशिक्षण देण्यास आरंभ केला. पुढें मुलें वाढलीं, तेव्हां त्यांनीं थोरल्या मुलांस तयार करून धाकट्यांस शिकविण्यास लाविलें.

आपल्या महाराष्ट्रांत या कार्यास मोठें रूप आलें तें मुंबईंत. डॉ. माधव चव्हाण व निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयांतील प्रा. फरीदा लांबे यांच्या पुढाकारानें 'प्रथम' संस्था उभी राहिली, व इ. स. १९९८ मध्यें 'बालसखी' योजना सुरू झाली. बालसखी म्हणजे वस्तींतलीच, माध्यमिक शिक्षण झालेली तरुणी. तिला सुमारें दोन आठवड्यांचें शिक्षण व अल्प मानधन मिळे. तिसरी-चौथींतील मागें पडलेलीं पंधरा-वीस मुलें घेऊन ती रोज दोन तास अक्षरओळख व अंकगणित शिकवी.

पदवी नसलेल्या मुलीच्या हातून हें साधेल काय? इ. स. २००१ ते २००३ या काळांत मुंबई व बडोदें येथें अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याची कसोशीनें परीक्षा केली. मुलांची प्रगति स्पष्ट दिसली, व सर्वांत अधिक लाभ सर्वांत मागें असलेल्यांस झाला. मात्र मदत थांबल्यावर वर्षभरांत तो लाभ बराच ओसरला, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं.

पुढें उत्तर प्रदेशांतील जौनपूर जिल्ह्यांत विनावेतन स्वयंसेवकांनीं वाचनवर्ग चालविले. जीं मुलें आलीं तीं वाचूं लागलीं. परंतु येणारीं फार थोडीं होतीं. स्वयंसेवक मिळाले, मुलें मिळालीं नाहींत!

आमच्या नागपुरांत हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक प्रा. विजय बारसे यांनीं इ. स. २००१ पासून झोपडपट्टींतील मुलांस फुटबॉलच्या निमित्तानें एकत्र आणिलें. मूल आपण होऊन येईल असें कांहीं तरी हातीं असावें लागतें, हा बोध त्यावरून घ्यावा.

बंधुभगिनींनो, या इतिहासाचें सार तीन गोष्टींत आहे : शिकविणारा शेजारचा असला तरी चालतो, पण त्यास तयारी हवी, मदत एका पावसाळ्यापुरती नसावी, आणि मुलास घरून बोलावून आणणें हेंही शिक्षणाचेंच अंग आहे. ज्या तरुणांस सायंकाळचा एक तास मोकळा आहे, त्यांनीं आपल्या गल्लींतील एका मुलाजवळ पुस्तक घेऊन बसावें, व वर्ष सरेपर्यंत उठूं नये.