हैदराबादच्या फुटबॉलची भरती आणि तिजोरी

हैदराबाद सिटी पोलीस संघात खेळाडू यायचा तो खात्यात नोकरी मिळवून. मोहल्ल्याच्या मैदानावर पोरगा चांगला खेळताना दिसला की त्याला पोलिसात घ्यायचे, आणि महिन्याचा पगार सरकारी तिजोरीतून निघायचा. संघाला वेगळा मालक नव्हता, वेगळे जमाखर्चाचे पुस्तक नव्हते, आणि खेळ सुटला तरी नोकरी राहायची. गरीब घरातल्या खेळाडूला याहून मोठी हमी तेव्हा दुसरी नव्हती. या पद्धतीने उभ्या राहिलेल्या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. 1891 मध्ये सुरू झालेल्या त्या स्पर्धेत पहिली चाळीसेक वर्षे गोऱ्या पलटणींचेच राज्य होते, हे लक्षात घेतले तर त्या पाच चषकांचे वजन कळते.

त्या वर्षांत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. हिमायतनगर, म्हणजे जुने वाढोणा, त्याच राज्याच्या नांदेड जिल्ह्यातले गाव. रोव्हर्स जिंकणारा संघ म्हणजे या भागाच्या राजधानीचा संघ होता. मराठी क्रीडालेखनात त्याची आठवण फारशी निघत नाही, ही उणीव खरोखरच खटकणारी आहे.

भरती पोलीस खात्याची असली तरी माणसे घडवली सय्यद अब्दुल रहीम यांनी. ते मूळचे शाळामास्तर. 1943 पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते. खेळाडू चेंडू पायात घोळवत बसतो, हा दोष काढण्यासाठी त्यांनी ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. उजव्या पायाचा खेळाडू डाव्याने खेळायला शिकावा म्हणून फक्त कच्च्या पायाने खेळायच्या स्पर्धाही घेतल्या. यासाठी पैसा जवळजवळ लागत नव्हता. लागत होते ते मैदान आणि शिकवणारा माणूस. रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने 1951 मध्ये दिल्लीत आणि 1962 मध्ये जकार्तात आशियाई सुवर्णपदक मिळवले आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला.

नोकरीच्या भरतीला एक मर्यादा होती. शिपायाचा पगार त्याच्या हुद्द्यावर ठरे, गोलांवर नव्हे. कोलकात्याच्या क्लबांकडे तिकिटांचा पैसा होता, लाखो समर्थक होते, आणि हैदराबादचा तयार खेळाडू त्यांना हवाच असे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचे तुलसीदास बलराम ईस्ट बंगालला गेले. पुढे सय्यद नईमुद्दीन, मोहम्मद हबीब, त्यांचे भाऊ अकबर आणि शब्बीर अली यांनीही कोलकात्याची वाट धरली. घडवणाऱ्या गावाला या जाण्याचा मोबदला मिळण्याची व्यवस्थाच नव्हती. त्यातच 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, आणि पोलीस संघही पुढे आंध्र प्रदेश पोलीस म्हणून खेळू लागला. जून 1963 मध्ये रहीम गेले. खेळाडू घडवण्याची त्यांची पद्धत त्यांच्या तोडीने पुढे नेणारे कोणी उरले नाही.

1996 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि नोकरीची जागा हळूहळू कराराने घेतली. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली. तिच्यात क्लब म्हणजे परवाना. त्याचा मालक असतो, आणि मालकाला जमले नाही तर परवाना दुसऱ्या गावी जातो. पुण्याला हे 2019 मध्ये कळले. एफसी पुणे सिटीचे मालक आर्थिक अडचणीत आले, क्लब बंद पडला आणि त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबला मिळाली. हिमायतनगरच्या माणसाच्या दृष्टीने क्लब जवळ आला, कारण त्याला पुण्यापेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. दवाखाना, शिक्षण, कामधंदा यांसाठी तिकडचा रस्ता जुनाच आहे. पुण्याच्या समर्थकांच्या हातात मात्र काहीच उरले नाही.

हैदराबाद एफसीचा पहिला हंगाम पुण्याच्याच मालावर झाला. मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी हे खेळाडू आणि प्रशिक्षक फिल ब्राऊन तिकडूनच आले होते. 18 सामन्यांत 10 गुण मिळाले, संघ तळाला राहिला आणि ब्राऊन यांना हंगाम संपण्याआधीच जावे लागले. घाईची भरती अशीच अंगाशी येते. त्यानंतरची भरती शहाणी होती. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी लिस्टन कुलासो, आकाश मिश्रा, आशिष राय अशा तरुणांवर भरवसा टाकला आणि गोल करायला बार्थोलोम्यू ओग्बेचे आणले. ओग्बेचे यांनी 2021-22 च्या हंगामात 18 गोल केले. 20 मार्च 2022 ला मडगावला झालेल्या लीगच्या अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सविरुद्ध बरोबरीचा गोल गोव्याच्या साहिल तावोराने केला, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी यांनी तीन फटके अडवून चषक जिंकून दिला. कोल्हापूरचा अनिकेत जाधवही त्या हंगामात संघात होता.

या विजयाचा पैसा मात्र हैदराबादला दिसला नाही. करोनामुळे 2020-21 आणि 2021-22 चे सगळे सामने गोव्यात झाले, त्यामुळे घरच्या मैदानावर तिकीटविक्री शून्य. घरच्या, गच्चीबावलीच्या स्टेडियममध्ये समर्थकांचा वर्ग तयार होण्याआधीच संघ विजेता झाला होता. तरुण खेळाडू मोठे झाले तसे विकले गेले: कुलासो आणि राय मोहन बागानला, मिश्रा मुंबई सिटीला. पण विक्रीतून घराचा पाया पक्का झाला नाही. 2023 मध्ये मार्केझ एफसी गोवाकडे गेले. थकलेल्या देण्यांमुळे नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली, पगार रखडले, आणि हंगामाच्या मध्यात बहुतेक परदेशी खेळाडू सोडून गेले. उरलेल्या पोरांनी 2023-24 चा हंगाम कसाबसा पार पाडला. 22 सामन्यांत विजय एकच, गुण 8. दोन वर्षांपूर्वीचा विजेता तळाला गेला.

समर्थकाची तक्रार अशा वेळी पराभवापेक्षा हिशेबाची असते: विकलेल्या खेळाडूचे पैसे कुठे गेले, पगाराची तरतूद न करता करार का केले, गावातल्या पोरांसाठी मैदान का उभे राहिले नाही. ही तक्रार रास्त आहे. 1950 च्या संघाकडे पैसा कमी होता, पण प्रत्येक खेळाडूचा पगार ठरलेल्या तारखेला होत असे. 2022 च्या संघाकडे चषक होता आणि पगाराची शाश्वती नव्हती. दोन्ही वेळा खेळाडू घडवणाऱ्या शहराच्या हाती व्यवहाराची सूत्रे नव्हती. पहिल्यात ती कोलकात्याच्या क्लबांकडे गेली, दुसऱ्यात परवानाधारकाकडे.

2024 मध्ये क्लब नव्या उद्योगसमूहाकडे गेला. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, त्याच परवान्याने हैदराबाद सोडले आणि संघ स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने राजधानीत गेला. पुण्याहून आलेला क्लब हैदराबादमध्ये सहा वर्षे टिकला.