परळची चाळ आणि दादरचे ‘राजगृह’ : प्लेगनंतर मुंबई कशी घडली?

१/ डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षणाची वर्षे वगळता सुमारे दोन दशके परळच्या एका चाळीतील दोन खोल्यांत राहिले. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी ते दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या वास्तूत राहावयास गेले. चाळ आणि वसाहत यांच्यात अंतर फार नाही, पण जगण्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी विश्वे होती. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच संस्था आहे आणि त्या संस्थेच्या मुळाशी एक रोग आहे.

२/ सप्टेंबर १८९६. बंदरालगतच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी काही रुग्णांमध्ये गाठींच्या प्लेगची लक्षणे ओळखली. मांडवी ही धान्याच्या गोदामांची वस्ती. गोदामांत उंदीर आणि गोदामांवरच्या मजल्यांत माणसे दाटीने राहत. प्रारंभी अनेकांनी हे निदान मान्य केले नाही. काही आठवड्यांतच संशयाला जागा उरली नाही.

३/ १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती. १८९७ च्या आरंभापर्यंत त्यांतील जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. कोकणची माणसे गलबतांनी परतली, घाटावरची रेल्वेने. गिरण्यांना कामगार मिळेनात. साम्राज्याचे हे मोठे व्यापारी बंदर ओस पडू लागले आणि परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहू लागली. सरकारची खरी घबराट येथून सुरू होते.

४/ पहिला उपाय सक्तीचा होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग प्रतिबंधक कायदा आला. घरझडत्या, रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविणे, सामान जाळणे, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी असे प्रकार सुरू झाले. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात जून १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली. केवळ बळाने साथ आटोक्यात येत नाही, हे राज्यकर्त्यांना उमगू लागले.

५/ मग दुसरा विचार पुढे आला : रोगी माणसांऐवजी रोगट वस्तीवर उपचार करावा. त्या काळच्या वैद्यकात एक समजूत खोलवर रुजलेली होती. कोंदट हवा, ओल, अंधार आणि घाण यांतून रोग उपजतो, अशी ती समजूत. मुंबईच्या जुन्या वस्तीत दोन इमारतींमधील अरुंद घरगल्ल्यांतून मैला वाहत असे आणि आतील खोल्यांना ना खिडकी, ना ऊन. प्लेगचे घर हेच, असा निष्कर्ष काढण्यात आला.

६/ १८९८ मध्ये कायदा होऊन ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ अस्तित्वात आला. ग्लासगो शहरात १८६६ पासून अशीच एक संस्था दाट वस्त्या पाडून नवे रस्ते काढत होती. तिचा आदर्श समोर होता. मुंबईच्या ट्रस्टला सरकारच्या आणि नगरपालिकेच्या मोकळ्या जमिनी मिळाल्या, कर्जरोखे काढण्याचा अधिकार मिळाला आणि मुख्य म्हणजे खासगी मालमत्ता सक्तीने संपादन करण्याचा अधिकार मिळाला.

७/ लोकनियुक्त सभासद असलेली नगरपालिका शहरात आधीपासून होती. मग हे काम तिच्याकडे का दिले नाही? त्या नगरपालिकेवर घरमालकांचे वजन मोठे होते. स्वतःच्याच भाडोत्री इमारती पाडण्याचा ठराव ते कसे करणार, ही शंका रास्त होती. परंतु परिणाम असा झाला की, ज्यांची घरे पाडायची त्यांना ज्या संस्थेत काडीचाही आवाज नव्हता, तिच्या हाती शहराचा नकाशा गेला. नव्या मंडळात सरकार, नगरपालिका, बंदर, व्यापारी आणि गिरणीमालक यांना स्थान होते, भाडेकरूंना नव्हते.

८/ पहिली योजना नागपाड्याची. त्यानंतर शहराच्या पोटातून रस्ते कापले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, हे त्याचे बोलके उदाहरण. तेव्हा मरीन ड्राइव्ह नव्हता; समुद्र आजच्यापेक्षा आत होता. पश्चिमेचा वारा थेट काळबादेवीच्या दाटीत शिरावा, हा त्या रस्त्याचा हेतू होता. सँडहर्स्ट रोडने चौपाटीची बाजू डोंगरीच्या बाजूशी जोडली. पुढे सिडनहॅम रोड झाला. तोच आजचा महंमद अली रोड. रस्त्यांना गव्हर्नरांची नावे मिळाली. ज्यांच्या घरांवरून ते गेले, त्यांची नावे कोणत्याही पाटीवर आली नाहीत.

९/ हवा आणि उजेड यांचे गणितही मांडले गेले. ट्रस्टचे अध्यक्ष जेम्स ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे आणला. खोलीच्या तळापासून त्या कोनात वर पाहिले असता आकाश दिसले पाहिजे. सोप्या भाषेत, समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मी मोकळी जागा खिडकीबाहेर हवी. आज दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडावे यावर जो वाद होतो, त्याचा एक पूर्वज हा नियम आहे.

१०/ पण योजनेत एक विपरीत अर्थकारण दडलेले होते. संपादनाची भरपाई बहुधा इमारतीच्या भाड्याच्या उत्पन्नावरून ठरे. म्हणजे जितके अधिक भाडेकरू कोंबलेले, तितकी भरपाई अधिक. ज्या दाटीमुळे इमारत पाडायची, तीच दाटी मालकाला अधिक पैसे मिळवून देई. या पेचाची तक्रार खुद्द ऑर यांनी केली होती. भरपाईत पैसा गेला आणि विस्थापितांसाठी घरे बांधण्याच्या वेळी हात आखडला.

११/ विस्थापितांचे काय झाले? ट्रस्टने आग्रीपाडा, परळ आणि इतरत्र चाळी बांधल्या. त्याच आजच्या ‘बीआयटी चाळी’. एका कुटुंबाला एक खोली, समोर सामायिक सज्जा, सामायिक नळ आणि शौचालये. परंतु पाडकाम पुढे आणि बांधकाम मागे, असा क्रम दीर्घकाळ चालला. घर गेलेला हमाल वा गिरणी कामगार कामाच्या जागेपासून दूर जाऊ शकत नव्हता. तो शेजारच्या गल्लीत शिरला. एका गल्लीतील दाटी मोडली, ती पुढच्या गल्लीत जमा झाली.

१२/ आता या कथेतील मोठा उपरोध पाहा. १८९८ मध्येच कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने दाखविले की, प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाला होतो. प्रारंभी त्याची टवाळी झाली. पुढे प्लेग संशोधन आयोगाने १९०५ नंतर प्रयोगांनी तेच सिद्ध केले. हे काम परळच्या प्रयोगशाळेत झाले, जी आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. वाल्डेमार हाफकिन यांनी तर जानेवारी १८९७ मध्येच मुंबईत आपली लस स्वतःला टोचून घेतली होती.

१३/ म्हणजे ज्या सिद्धान्तावर शहर कापले जात होते, तो अपुरा होता. वाऱ्याने प्लेग जात नाही. तरी सारे श्रम व्यर्थ गेले असेही नाही. उजेड, निचरा आणि पक्की जमीन यांनी घरे निश्चितच अधिक राहण्याजोगी झाली. चुकले ते निदान आणि त्याहून अधिक चुकला तो प्राधान्यक्रम. रोग दाटीतून फोफावला असेल, तर दाटीचे कारण तुटपुंजी मजुरी आणि कामाजवळ घर नसणे हे होते. ते कारण नकाशावर दिसत नव्हते.

१४/ ट्रस्टचे दुसरे काम मात्र विलक्षण यशस्वी ठरले. शहराच्या उत्तरेला भातशेती आणि माडांच्या बागा होत्या. तेथे दादर-माटुंगा आणि शीव या योजना आखल्या गेल्या. आधी रस्ते, गटारे, उद्याने, मग भूखंड, मग इमारती. फाइव्ह गार्डन्स, किंग्ज सर्कल, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याची फळे. पारशी कॉलनीसाठी ट्रस्टचेच अभियंते मंचरजी जोशी यांनी कनिष्ठ मध्यमवर्गीय पारशांकरिता भूखंड मिळविले आणि झाडे लावण्यापर्यंत लक्ष घातले.

१५/ याच काळात मध्यमवर्गाने स्वतःचाही मार्ग शोधला. १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ येथून मानला जातो. चाळीतील खोली सोडून स्वतंत्र स्वयंपाकघर आणि घरातच शौचालय असलेले ‘ब्लॉक’ लोकांना हवे होते. मुंबईचा मध्यमवर्ग म्हणून आज जे जग ओळखले जाते, त्याचा साचा या वर्षांत घडला.

१६/ तथापि या वसाहतींच्या नावांकडे पाहा : हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. जुने मोहल्ले मोडून नवे शहर रचताना जात आणि धर्म यांची वर्गवारी नव्या आराखड्यातही आली. भूखंड घेण्याची ऐपत असलेल्यांना बागा मिळाल्या. ज्यांना पाडकामाने हलविले, त्यांना सामायिक नळ मिळाला. ट्रस्ट एकच, पण त्याने दोन शहरे बांधली.

१७/ या पद्धतीवर तेव्हाच टीका झाली. स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि शहरामागून शहर पायी फिरले. सरसकट पाडकाम त्यांना मान्य नव्हते. वस्तीत राहणाऱ्यांचे जीवन आधी समजून घ्या. मोजकी मोडकी घरे काढा, तेथे एखादे मोकळे अंगण, एखादे झाड येऊ द्या. बाकीचे दुरुस्त करा, असे त्यांचे म्हणणे. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्याच विभागाची धुरा पुढे गो. स. घुर्ये यांनी वाहिली.

१८/ गेडिस यांचे फारसे ऐकले गेले नाही. १९२१ पर्यंत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात पोचली. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच ‘बीडीडी’, स्थापन केले. ५० हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोल्या संकल्पाच्या सुमारे एक-तृतीयांश. ट्रस्टचा स्वतंत्र कारभार १९३३ मध्ये संपला आणि त्याचे काम महापालिकेत विलीन झाले.

१९/ नमुना मात्र टिकला. कलकत्त्यात १९११ च्या कायद्याने असाच ट्रस्ट आला. १९३६ च्या कायद्याने नागपुरात आला आणि ‘नागपूर सुधार प्रन्यास’ या नावाने तो आजही नागपूरकरांच्या बोलण्यात आहे. शहर सुधारायचे तर निवडून आलेल्या सभेबाहेर एक वेगळे प्राधिकरण हवे, ही कल्पना प्लेगच्या भीतीतून जन्मली आणि साथ ओसरल्यावरही राहिली.

२०/ आणि चाळी? त्यांना आपण केवळ हालअपेष्टांचे प्रतीक समजतो, ते अर्धेच खरे. सामायिक सज्जाने शेजार निर्माण केला. गणेशोत्सव, भजनी मंडळे, व्यायामशाळा, वाचनालये, संपाच्या सभा हे सारे त्या सज्जांवर आणि चौकांत वाढले. परळच्या त्या दोन खोल्यांत राहत असतानाच बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू केले, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह केला. आखणाऱ्यांच्या कागदावर ती फक्त चौरस फुटांत मोजलेली जागा होती.

२१/ परंतु चाळीचे गोडवे गाताना एवढे विसरता कामा नये : बाबासाहेबांना स्वतः तेथून बाहेर पडायचे होते. ग्रंथ ठेवायला जागा नव्हती, अभ्यासाला शांतता नव्हती. ‘राजगृह’ त्यांनी ग्रंथांसाठी बांधले. चांगल्या घराची आकांक्षा ही गरिबाची चैन नसते. प्रश्न इतकाच की, ती आकांक्षा पुरी होण्यासाठी माणसाला स्वतःची वस्ती गमवावी लागते का.

२२/ आज बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर, तेही त्याच जागेवर, असे त्याचे सूत्र आहे. वरळीतील पहिल्या कुटुंबांना २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. १८९८ शी तुलना करता एक मोठा फरक उघड आहे : येथे मूळ रहिवाशाचा परतण्याचा हक्क आधी मान्य झाला आहे. हा फरक आपोआप आलेला नाही. चाळकऱ्यांच्या संघटनांनी तो वर्षानुवर्षे मागून घेतला आहे.

२३/ म्हणून पुनर्विकासाची कोणतीही योजना वाचताना प्लेगच्या मुंबईने शिकविलेले तीन प्रश्न विचारावेत. निदान कोणी केले? पाडकाम आधी की पर्यायी घर आधी? आणि इमारत पुरी झाल्यावर तिच्या जिन्यावर कोणाची मुले खेळत असतील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आराखड्यात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मिळायला एक पिढी जावी लागते.