दमास्कसचं फळ आणि सप्टेंबरचा केक

जर्मनीत आल्यावर पहिल्याच वर्षी मी एक गाढवपणा केला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरी प्लमचा केक खाल्ला होता, तो फार आवडला होता. त्याच्या आईची कृती मागून घेतली होती. मे महिन्यात एका शनिवारी उत्साह आला. सुपरमार्केटमधून छान गोल, लालबुंद, टपोरे प्लम आणले, पीठ मळलं, फोडी लावल्या, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. पाऊण तासाने बाहेर आलं ते चक्क गोड सार होतं. वर लाल रस, खाली कच्चं पीठ.

सोमवारी सहकाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मे महिन्यात त्स्वेचगे कुठून आणलेस?"

"त्स्वेचगे नाही, प्लम आणले."

"तेच तर म्हणतोय मी!"

म्हणजे कुणी तोतापुरीचा आमरस करून "तुमच्याकडच्या कृतीत काहीतरी गडबड आहे" अशी तक्रार करावी, तसं झालं होतं.

तर आधी हे त्स्वेचगे प्रकरण काय ते सांगतो. ते प्लमच्याच कुळातलं, पण लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं आणि गर्द निळं-जांभळं फळ. वर पांढुरका पिठूळ थर, बोटाने पुसला की खालची साल चमकते. हा थर फळाचा स्वतःचाच असतो आणि तो शाबूत असेल तर फळ ताजं, फार हाताळलेलं नाही, असं समजायचं. आतला गर पिवळसर आणि घट्ट, पाणी कमी. आणि मुख्य म्हणजे पिकल्यावर बी गरापासून अलगद सुटते. गोल प्लमला जर्मन लोक फ्लाउमे म्हणतात. तो रसाळ असतो, तोंडात टाकायला उत्तम, पण ओव्हनमध्ये विरघळतो. (उत्तर जर्मनीत दोघांनाही सर्रास फ्लाउमे म्हणतात, त्यामुळे दुकानात नावापेक्षा आकार बघावा.)

मी आणलेले मेमधले प्लम तर तिसऱ्याच घराण्यातले. ते मूळ चीनमधलं फळ, जपानमार्गे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलं. तिथे ल्यूथर बरबँक या माणसाने त्यावर संकर करून अनेक वाण काढले. त्यातला 'सांता रोझा' १९०६ सालचा. आपल्याकडे उन्हाळ्यात हिमाचलातून जे प्लम येतात त्यांत हाच वाण प्रमुख आहे. म्हणजे दादरच्या किंवा मंडईतल्या गाडीवर मिळणारा प्लम आणि जर्मन आजीच्या केकमधला प्लम यांचं नातं तसं लांबचंच.

आता केक. त्स्वेचगेनकूखेन हा आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा फुगलेला केक नव्हे. यीस्ट घालून मळलेलं पीठ मोठ्या ट्रेमध्ये पातळ लाटतात. फळ पूर्ण न कापता पुस्तकासारखं उघडतात, बी काढतात, आणि कौलांसारखी एकावर एक चढवत उभी दाटीने रचतात. साखर-दालचिनी शक्यतो भाजून झाल्यावर भुरभुरायची. आधी घातली तर कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटतं तसं पाणी सुटतं. बव्हेरियात याला दाची म्हणतात, फळं पिठात दाबून बसवण्याच्या क्रियेवरून. आउग्सबुर्ग शहर स्वतःला दाचीचं माहेरघर मानतं, इतकं की लोक गमतीने शहरालाच दाचीबुर्ग म्हणतात. नैऋत्येकडे फाल्ट्स भागात हा केक बटाट्याच्या सुपाबरोबर जेवणातच खातात. ऐकून मी नाक मुरडलं होतं. मग पुरणपोळी आणि कटाची आमटी आठवली आणि गप्प बसलो.

ही कृती बारकाईने पाहिली की कळतं, ती या एकाच फळासाठी घडलेली आहे. पाणी कमी म्हणून पीठ भिजत नाही, बी सुटते म्हणून पुस्तक उघडतं, गर घट्ट म्हणून फोड उभी राहते. साहजिकच फळाचा हंगाम तोच केकचा हंगाम. काळ्या जंगलाच्या पायथ्याशी ब्यूल नावाचं गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आपोआप उगवलेल्या एका रोपातून लवकर पिकणारा वाण मिळाला. त्यावर गाव इतकं पुढे आलं की १९२७ पासून तिथे त्स्वेचग्यांची जत्रा भरते. पण जुनी घरगुती जात, हाउसत्स्वेचगे, सप्टेंबरशिवाय पिकत नाही.

एवढं अस्सल जर्मन फळ, पण नाव मात्र जर्मन नाही. भाषातज्ज्ञ त्स्वेचगे हा शब्द लॅटिन 'दामास्केना' पासून आणतात, म्हणजे दमास्कसचं फळ. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने सीरियातल्या दमास्कसच्या प्लमचा उल्लेख केला आहे. रोमनांबरोबर प्लमच्या बागा आल्प्सपलीकडे आल्या. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेन राजाच्या जहागिरींसाठी जी नियमावली निघाली, तिच्यात बागेत लावायच्या झाडांत 'निरनिराळ्या जातींचे प्लम' आहेत. आपणही वेगळं काही केलेलं नाही. बिर्याणीत आणि चटणीत पडणारा आलुबुखार म्हणजे फारसीत बुखाऱ्याचा आलू. पश्चिमेला फळ दमास्कसच्या नावाने गेलं आणि आपल्याकडे बुखाऱ्याच्या.

हाउसत्स्वेचगेची आणखी एक खोड आहे. या झाडाच्या मुळांतून फुटवे येतात. फुटवा खणून शेजाऱ्याला दिला की त्याच्याकडेही तेच झाड. कलमाची गरज नाही, रोपवाटिकेचा खर्च नाही. शिवाय फळ धरायला दुसऱ्या जातीचं झाडही लागत नाही, एकटं झाड पुरतं. म्हणून परसात, शेताच्या बांधावर, गवताच्या कुरणात हे झाड गावोगाव पसरलं. उंच फळझाडं आणि खाली गुरांसाठी गवत, अशी ही कुरणं दक्षिण जर्मनीची ओळख होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी धोरण बदललं. उत्पादन वाढवायला बुटक्या झाडांच्या आखीव बागा हव्या होत्या. १९५७ नंतर आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात जुनी उंच झाडं तोडायला चक्क अनुदान मिळत होतं. पुढे २०२१ मध्ये त्याच कुरणांच्या परंपरेला जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. आधी तोडायचं आणि मग वारसा म्हणायचं, ही रीत सगळीकडे सारखीच.

पण कुऱ्हाडीतून वाचलेल्या झाडांवर दुसरं संकट आलं. १९१७ च्या सुमारास बल्गेरियातल्या शेतकऱ्यांना प्लमवर विचित्र रोग दिसला. पानांवर फिकी वर्तुळं, फळांवर खोल खड्डे, आत तपकिरी, डिंकासारखा गर आणि पिकण्याआधीच गळ. त्यांनी नाव दिलं 'शार्का', म्हणजे देवी. आपल्या जुन्या पिढीला वेगळं सांगायला नको, देवीचे व्रण कसे दिसतात ते. १९३२ मध्ये अतानासोव या शास्त्रज्ञाने हा विषाणू असल्याचं दाखवलं. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर त्याला नेतो. लांबचा प्रवास मात्र माणूस घडवतो, रोगट कलमाच्या काडीतून. १९५० च्या दशकात तो जर्मनीत पोचला. माणसाला त्याचा काही अपाय नाही, पण लागण झालेल्या झाडावर इलाजही नाही. आणि हाउसत्स्वेचगे त्याला सहज बळी पडते. ज्या फुटव्याने झाड फुकट वाटलं जात होतं, त्याच फुटव्याने आता रोगही फुकट जाऊ लागला. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, कॉपी करताना बगसुद्धा कॉपी होतो.

यावर उत्तर निघालं ते श्टुटगार्टच्या होहेनहाइम विद्यापीठात. या संस्थेचा जन्मही उपासमारीतून झालेला. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, आणि १८१८ मध्ये व्युर्टेंबर्गच्या राजाने ही शेतकी संस्था काढली. तिथे वॉल्टर हार्टमान यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस 'योयो' हा वाण तयार केला. शार्काला पूर्ण दाद न देणारा हा पहिला युरोपियन प्लम. त्याची युक्ती मोठी मजेदार आहे. विषाणू पेशीत शिरला की ती पेशी आणि आजूबाजूच्या पेशी स्वतःच मरून जातात. विषाणूला पुढे सरकायला वाटच उरत नाही.

या योयोची वंशावळ बघा. एक पालक 'ऑर्टेनाउअर', स्थानिक जर्मन. दुसरा 'स्टॅनली', न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा इथल्या केंद्राने १९२६ मध्ये दिलेला. आणि स्टॅनलीचे पालक कोण, तर एक फ्रान्समधला आजाँचा प्लम आणि दुसरा इंग्लंडमधला 'ग्रँड ड्यूक'. म्हणजे जर्मन केक वाचवायला फ्रेंच आणि इंग्लिश फळांचं अमेरिकेत जन्मलेलं पोर परत यावं लागलं.

गेल्या सप्टेंबरात आमच्या शनिवारच्या बाजारात एका शेतकरीणबाईंकडे दोन पेट्या दिसल्या. एकीत मोठी, तुळतुळीत फळं. दुसरीत लहान, काही खड्डे पडलेली. मी विचारलं तर म्हणाल्या, "ही मोठी नवी जात. ती लहान माझ्या सासऱ्यांच्या झाडांची. नऊ झाडं होती, आता दोन आहेत."

"पुन्हा तीच लावणार नाही?"

"पाच वर्षं वाढवायची आणि मग तोडायची? मी म्हातारी आहे, वेडी नाही."

दोन्हींतली एकेक किलो घेतली, दोन ट्रे केले. माझ्या जिभेला जुन्याची चव जास्त खोल वाटली, आंबटपणाच्या मागून येणारा गोडवा वेगळाच. पण नवा केकही उभा राहिला, कोरडा राहिला, आणि ऑफिसात नेल्यावर आधी तोच संपला. जर्मन सहकाऱ्यांपैकी एकालाही फरक कळला नाही. याचं समाधान मानावं की वाईट वाटून घ्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

असो. २०१४ मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपियन युनियनने आपल्या आंब्यांवर बंदी घातली होती, ती २०१५ मध्ये उठली. तेव्हा आम्ही इथले सगळे मराठी लोक भयंकर चिडलो होतो. आजही आंबा सामानातून आणायचा तर रोगमुक्तीचा दाखला लागतो. त्या बाईंची ती दोन झाडं आठवली की आता तेवढा राग येत नाही. तेव्हा इकडे येणार असाल तर सप्टेंबरात या, केक मी करीन. मे महिन्यात येऊ नका. एक तर त्स्वेचगे नसतात, आणि दुसरं म्हणजे त्या दिवसांत हापूस सोडून तुम्ही तरी कशाला याल?