डायव्हर घड्याळे, जपानी : नव्या आवृत्त्या व त्यांचा संग्रह

जपानी कंपन्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत पाणबुड्यांसाठी मनगटी घड्याळे बनवली. त्यांच्याच धर्तीवर याच कंपन्या अलीकडे नवी घड्याळे काढत आहेत आणि ती जमवणाऱ्यांचा एक जाणता वर्ग जगभर तयार झाला आहे. या छंदाचा मुख्य भार सिको कंपनीच्या घड्याळांवर आहे. सिटिझनचा वाटा लहान, पण मोलाचा. मूळ घड्याळांनी आता पन्नाशी-साठी गाठली आहे. त्यांची पाणी अडवणारी रबरी गॅस्केटे सुकलेली असतात, केस (यंत्राभोवतीची बाहेरची पेटी) घासून कडा बोथट झालेल्या असतात, आणि त्यांना पाण्यात नेणे म्हणजे आतल्या यंत्रावर पाणी सोडणे. नवी आवृत्ती रोज वापरता येते, समुद्रात नेता येते. मात्र तिची पारख मूळ घड्याळ जाणल्याशिवाय होत नाही. ते घड्याळ तसे का घडवले गेले, आणि नव्याने त्यातले काय राखले व काय सोडले, हे ओळखणे हाच या संग्रहाचा गाभा आहे.

मूळ घड्याळे. जपानचे पहिले डायव्हर घड्याळ सिकोने १९६५ मध्ये काढले. त्याचा क्रमांक ६२१७, संग्राहकांत ते ‘६२मास’ या नावाने ओळखले जाते. ते १५० मीटर खोलीसाठी होते, आपोआप चावी बसणारे होते आणि आजच्या मानाने छोटे, जेमतेम ३८ मिलिमीटरचे होते. जपानच्या अंटार्क्टिका मोहिमेतील सदस्यांनी १९६६ पासून ते वापरले. १९६७ मध्ये ३०० मीटरचे घड्याळ आले. त्याची केस एकसंध होती. पाणी शिरायला मागचे झाकणच ठेवले नव्हते, त्यामुळे यंत्र काचेच्या बाजूने बाहेर काढावे लागे. पुढच्याच वर्षी त्याच घडणीत सेकंदाला दहा ठोके देणारे यंत्र बसवले गेले.

१९७० चे ६१०५-८११० हे या घराण्यातले सर्वांत लोकप्रिय घड्याळ. त्याची केस उजवीकडे फुगीर आहे. चार वाजण्याच्या जागेवरची चावी त्या फुगवट्याच्या आड येते, म्हणजे खडकावर आपटली तरी तिला इजा होत नाही. डोळ्याला विचित्र वाटणारा हा आकार निव्वळ कामातून आलेला आहे. नाओमी उएमुरा या जपानी साहसवीराने ग्रीनलंड ते अलास्का हा सुमारे १२,००० किलोमीटरचा प्रवास कुत्र्यांच्या गाडीने एकट्याने केला आणि तो १९७६ मध्ये पुरा झाला; तेव्हा त्याच्या मनगटावर हेच घड्याळ होते. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांतही ते रुळलेले होते. त्यामुळे ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) या चित्रपटात मार्टिन शीनने रंगवलेल्या कॅप्टन विलार्डच्या हातात ते दिसते. संग्राहक त्याला आजही ‘विलार्ड’ म्हणतात.

सर्वांत मोठी झेप एका तक्रारीतून घेतली गेली. १९६८ मध्ये हिरोशिमा प्रांतातील कुरे शहरातल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने सिकोला पत्र लिहून कळवले, की ३०० मीटरपलीकडच्या कामात बाजारातली घड्याळे टिकत नाहीत. इतक्या खोलीवर काम करणारे पाणबुडे दिवसचे दिवस दाबकक्षात राहतात आणि हेलियममिश्रित हवा श्वासातून घेतात. हेलियमचे अणू अतिशय लहान असल्याने गॅस्केटांमधून घड्याळात झिरपतात. वर येताना बाहेरचा दाब उतरला, की आत कोंडलेला वायू काच उडवून देतो. स्वित्झर्लंडमध्ये यावर वायू बाहेर सोडणारी झडप बसवली जात होती. सिकोचे अभिकल्पक इकुओ तोकुनागा आणि त्यांचे सहकारी उलट्या बाजूने विचार करत होते : हेलियम आत येऊच द्यायचा नाही. सात वर्षे खपून त्यांनी १९७५ मध्ये ६०० मीटरचे घड्याळ पुढे ठेवले. त्याची केस टायटेनियमची होती, आणि तोवर कोणत्याही डायव्हर घड्याळात हा धातू वापरला गेला नव्हता. काचेभोवती इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या छेदाचे गॅस्केट होते आणि केसीला बाहेरून संरक्षक कवच होते. पट्ट्याला भात्यासारख्या घड्या होत्या : खोलीवर दाबाने पोशाखासह मनगटाचा घेर कमी होतो, तेव्हा त्या मिटतात आणि पट्टा सैल पडत नाही. कवचामुळे हे घड्याळ टूना माशाच्या डब्यासारखे दिसते, म्हणून त्याचे नाव ‘टूना’. जपानी घड्याळनिर्मितीचे मोठेपण एकाच वस्तूत पाहायचे असेल, तर ती ही.

१९७६ पासून ६३०९ हे कासवाच्या पाठीसारख्या गोलसर केसीचे, स्वस्त आणि चिवट घड्याळ जगभर खपले. ‘टर्टल’ हे त्याचे नाव त्या आकारावरूनच पडले.

नव्या आवृत्त्यांचे प्रकार. सिको स्वतःच दोन प्रकार वेगळे ठेवते. पहिला पुनर्निर्मितीचा : मूळ रूप शक्य तितके जसेच्या तसे, संख्या मर्यादित, किंमत चढी. २०१७ मध्ये ६२मासची अशी पुनर्निर्मिती (एसएलए०१७) २,००० नगांत निघाली. २०१८ मध्ये दहा ठोक्यांच्या १९६८ च्या घड्याळाची (एसएलए०२५) १,५०० नगांत, तर २०१९ मध्ये विलार्डची (एसएलए०३३) २,५०० नगांत आली. यांतले पहिले आणि तिसरे ८एल३५ या यंत्रावर चालतात. हे यंत्र ग्रँड सिकोच्या यंत्राचेच बिनसजावटीचे रूप असून इवाते प्रांतातील शिझुकुइशीच्या कार्यशाळेत हाताने जुळवले जाते. २०२० मध्ये पंचावन्न वर्षांच्या निमित्ताने १९६५, १९६८ आणि १९७५ च्या घड्याळांचा संच प्रत्येकी १,१०० नगांत निळसर राखाडी तबकड्यांसह निघाला.

दुसरा प्रकार आधुनिक रूपांचा. यांत मूळची रेषा ठेवून मापे, काच, यंत्र आजचे घेतले जाते आणि संख्येवर बंधन नसते. २०१६ च्या सुमारास आलेले नवे टर्टल (एसआरपी७७७) आणि २०२० मधील ६२मासचे ४०.५ मिलिमीटरचे रूप (एसपीबी१४३) ही ठळक उदाहरणे. विलार्डचे आधुनिक रूपही (एसपीबी१५१) त्याच वर्षीचे. जपानमधील विक्रीसाठी याच घड्याळांना वेगळे क्रमांक असतात. एसपीबी१४३ तिथे एसबीडीसी१०१ होते. घड्याळ एकच असते, त्यामुळे निव्वळ क्रमांकासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

पारख. पुनर्निर्मिती नेहमीच अधिक अस्सल असते, हा समज टिकत नाही. एसएलए०१७ मध्येही व्यास ३९.९ मिलिमीटर झाला, प्लास्टिकच्या काचेच्या जागी नीलमणी काच आली, चावी आट्यांची झाली आणि खोली २०० मीटर. हे बदल योग्यच आहेत, कारण मूळ घड्याळाचा हेतू त्यांनी पुढे नेला. नव्या टर्टलबाबतही तेच म्हणावे लागेल. जुन्या ६३०९ ला हाताने चावी देता येत नसे आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नसे. नव्या यंत्रात दोन्ही सोयी आहेत, शिवाय खोली १५० वरून २०० मीटरवर गेली, आणि आकार तोच राहिला. कमी किमतीत इतकी प्रामाणिक आवृत्ती दुसरी नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नव्या संग्राहकाने सुरुवात तिथूनच करावी.

याउलट उदाहरण १९९६ च्या एसकेएक्स००७ चे. ते २०० मीटरचे, आट्यांच्या चावीचे, खरेखुरे पाणबुड्याचे घड्याळ होते. २०१९ मध्ये सिको ५ स्पोर्ट्स मालिकेने त्याचा चेहरा उचलला, पण खोली १०० मीटरवर आणली आणि चावी साध्या ओढण्याची केली. रोजच्या वापराला ते चांगले घड्याळ आहे. डायव्हर घड्याळांच्या संग्रहात मात्र त्याला त्या नावाने जागा देता येत नाही. आयएसओ ६४२५ हे मानक इथे उपयोगी पडते. त्यात नमूद खोलीपेक्षा २५ टक्के अधिक दाबाची चाचणी, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता येणे, तसेच धक्का, चुंबकत्व आणि खारे पाणी यांना तोंड देणे अपेक्षित असते.

काही बदल कामाच्या आड येत नाहीत, पण नजरेला खटकतात. २०२४ मध्ये ६२मासच्या आधुनिक रूपाची खोली ३०० मीटर झाली, यंत्र ७२ तास चालू लागले. मात्र तारखेची खिडकी तीनच्या जागेवरून चार-पाचच्या मध्ये सरकली. मूळ तबकडीचा शांतपणा त्याने बिघडतो. बेझलची (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची) खूण आणि तबकडीच्या कडेचे कडे बारा वाजण्याच्या रेषेत नसणे हीसुद्धा सिकोच्या स्वस्त व मध्यम घड्याळांबाबतची जुनी तक्रार आहे. घेताना घड्याळ सरळ धरून ती रेषा पाहावी. वेळेची अपेक्षाही यंत्राप्रमाणे ठेवावी : ६आर३५ साठी कंपनी दिवसाला अधिक २५ ते उणे १५ सेकंदांची मुभा सांगते.

जुने घड्याळ शेजारी ठेवायचे असेल, तर मागच्या झाकणावरचा अनुक्रमांक वाचता आला पाहिजे. पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा सांगतो आणि दुसरा महिना. ऑक्टोबरसाठी शून्य, नोव्हेंबर व डिसेंबरसाठी इंग्रजी एन व डी. दशक कोणते, हे त्या यंत्राच्या निर्मितीकाळावरून ठरवावे लागते. केस झिजलेली आणि तबकडी कोरी करकरीत, अशी जोडी दिसली तर तबकडी नंतर बसवलेली असण्याचा संभव मोठा. नव्या घड्याळालाही समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुणे आणि झाकण उघडल्यावर पुन्हा दाबचाचणी करून घेणे आवश्यक आहे.

सिटिझन. १९७७ चे १५० मीटरचे ‘चॅलेंज डायव्हर’ १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील लाँग रीफच्या किनाऱ्यावर सापडले. त्यावर समुद्री शिंपल्यांसारख्या बार्नेकलांचा थर चढला होता, तरी ते चालत होते. लाटांच्या हेलकाव्यांनीच त्याला चावी मिळत राहिली. २०२१ मध्ये कंपनीने त्याची टायटेनियममधील २०० मीटरची आवृत्ती काढली. जपानी संग्राहक तिला ‘फुजित्सुबो’ म्हणजे बार्नेकल म्हणतात.

भारतीय संदर्भ. एचएमटीने १९६० च्या दशकाच्या आरंभी सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि हैदराबादच्या ऑलविनचे सहकार्य सिकोशी होते. त्यामुळे जपानी यंत्रे उघडून बसवणारे घड्याळजी आपल्याकडे दोन पिढ्या आहेत. जुन्या सिको ५ घड्याळांच्या तबकड्या भडक रंगांत नव्याने रंगवून ती इथून परदेशी विकली जातात आणि जगभरचे संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्यातले यंत्र बहुधा जपानी असते, पण तबकडी, काटे आणि केस यांचा एकमेकांशी संबंध नसतो. तीच कसोटी स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या ६३०९ ला लावावी, आणि शंका राहिली तर त्याच पैशांत नवे टर्टल घ्यावे.