सर्व्हर बंद पडला, आता ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लॉगिन कसं करायचं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूड भागातल्या अनेक गावांत वीज आणि मोबाईल नेटवर्क यायला कित्येक दिवस लागले. अशा वेळी जनरेटरवर कॉम्प्युटर सुरू झाला, तरी लॉगिन अडू शकतं. कारण अनेक ऑफिसांत पासवर्ड तपासतो तो दूर कुठेतरी असलेला डिरेक्टरी सर्व्हर. मग काय कराल?

१. शेजारचा कॉम्प्युटर पाहा. सगळेच अडले असतील तर बहुधा लाइन किंवा सर्व्हर बंद आहे. एकच अडला असेल तर त्याची केबल आणि घड्याळ तपासा. आतला सेल संपला असेल तर वीज गेल्यावर घड्याळ चुकतं, आणि ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिन नाकारलं जाऊ शकतं.

२. लाइन बंद असेल तर नेटवर्क केबल काढा आणि त्या मशीनवर शेवटचा चाललेला पासवर्ड टाका. विंडोज सहसा शेवटच्या १० जणांचं लॉगिन जपून ठेवतं. त्या मशीनवर कधीच न बसलेल्याला मात्र आत जाता येणार नाही.

३. घाईने मशीन डोमेनमधून काढू नका. सर्व्हर नसताना ते परत जोडता येत नाही, आणि लोकल ॲडमिनचा पासवर्ड माहीत नसेल तर मशीन पूर्णच बंद होऊन बसेल.

तो पासवर्ड पावसाळ्याआधीच एकदा टाकून बघा.