पाठकोऱ्या कागदावरची चित्रे

शहापूर-मुरबाडकडे दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. परत आलेले एखादे मूल वर्गात गप्पच बसते. अशा मुलापुढे आपण खडू-कागद ठेवतो, त्यामागे एक इतिहास आहे. (दोन दुःखांची तुलना मला करायची नाही.)

डिसेंबर १९४२ मध्ये फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकर्ती प्रागजवळच्या तेरेझीन येथील नाझी छावणीत कैदी म्हणून आली. सामानात तिने चित्रकलेचे साहित्य भरले होते. ते पुरेना, तेव्हा कचेरीतले पाठकोरे कागद चालले. हुबेहूब चित्राचा आग्रह नव्हता. तालावर रेघा ओढायच्या, कागद फाडून चिकटवायचे. कुणी घर काढले, कुणी फुले, कुणी छावणीतल्या फळ्यांच्या खाटा. चित्रांना गुण देणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे पाहावे. दुःख त्याने बरे होते असे मी म्हणणार नाही. बोलता न येणारे कागदावर ठेवता येते, एवढेच.

ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेऊन मारले. बहुतेक मुलेही गेली. तिची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर १९३८ मध्येच अमेरिकेत पोचली होती. तिथे कला-उपचाराची शाखा उभारणाऱ्यांत ती एक.

छावणीत माणसांना क्रमांक होते. फ्रीडल मात्र मुलांना चित्रावर नाव लिहायला लावी. तिने दोन सुटकेसींत ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रे वाचली, आणि त्या नावांवरूनच पुढे अनेक मुलांची ओळख पटली.