अल्पप्रवाह भूल : अतिस्थूल रुग्णांच्या वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियेत

भूलयंत्रातून रुग्णाला दर मिनिटाला मिळणाऱ्या ताज्या वायूचे, म्हणजे ऑक्सिजन आणि त्यासोबतची हवा किंवा नायट्रस ऑक्साइड यांच्या मिश्रणाचे, प्रमाण १ लिटर किंवा त्याहून कमी ठेवून, रुग्णाने सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन तोच श्वास त्याला पुन्हा देण्याच्या पद्धतीस अल्पप्रवाह भूल म्हणतात. फोल्डेस यांनी १९५२ मध्ये मिनिटाला १ लिटर प्रवाहाची आणि व्हर्च्यू यांनी १९७४ मध्ये मिनिटाला अर्धा लिटर प्रवाहाची, म्हणजे न्यूनतम प्रवाहाची, पद्धत मांडली. रुग्णाचे शरीर जेवढा वायू वापरते नेमका तेवढाच पुरवला, तर तिला बंद मंडलाची भूल म्हणतात. कल्पना मात्र याहून जुनी आहे, कारण जॉन स्नो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच कार्बन डायऑक्साइड अल्कलीत शोषून श्वास पुन्हा वापरण्याचे प्रयोग केले होते आणि राल्फ वॉटर्स यांनी १९२४ मध्ये सोडा लाइमची डबी प्रत्यक्ष वापरात आणली होती.

यंत्रणेचा गाभा म्हणजे चक्राकार मंडल. त्यात दोन नळ्या, श्वास एकाच दिशेने फिरवणाऱ्या दोन झडपा आणि सोडा लाइमने भरलेला डबा असतो. सोडा लाइम हे मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइड असून त्यात सुमारे १५ टक्के पाणी आणि थोडे तीव्र अल्कली असते. कार्बन डायऑक्साइडशी त्याची अभिक्रिया होताना उष्णता व बाष्प तयार होते आणि दाणे निकामी होत गेले की त्यांतील सूचक रंग पांढऱ्याचा जांभळा होतो. हा जांभळेपणा डब्यात किती वर चढला आहे हे पाहणे भूलतज्ज्ञाच्या रोजच्या कामाचा भाग आहे, तथापि वापरात नसताना रंग पुन्हा फिका पडू शकतो, म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबणे बरोबर नाही.

अतिस्थूलता ठरवताना शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग, हे माप वापरतात. १६० सेंमी उंची आणि ११५ किलो वजन असलेल्या व्यक्तीचा हा निर्देशांक सुमारे ४५ येतो. जागतिक वर्गीकरणात ४० च्या पुढील स्थूलता तीव्र मानली जाते. मात्र आशियाई शरीरयष्टीत कमी निर्देशांकावरच मधुमेह व हृदयविकार जडत असल्याने भारतात शस्त्रक्रियेची मर्यादा बराच काळ ३७.५ (सोबतचे आजार असल्यास ३२.५) होती आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ती आशियाई लोकांसाठी २७.५ पर्यंत खाली आणली. जठराचा मोठा भाग कापून त्याची अरुंद नळी उरवणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया आणि अन्नमार्ग वळवणारी बायपास शस्त्रक्रिया हे वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियेचे दोन मुख्य प्रकार असून दोन्ही बहुधा दुर्बिणीने केल्या जातात. मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तमधून आणलेल्या, सुमारे ५०० किलो वजनाच्या महिलेवर झालेली स्लीव्ह शस्त्रक्रिया महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक झाली. परंतु अशा टोकाच्या उदाहरणावरून या विषयाचे नियम बांधता येत नाहीत, कारण भूलतज्ज्ञासमोर रोज येणारा रुग्ण शंभर ते दीडशे किलोंचा असतो.

अशा रुग्णाच्या फुप्फुसांत, श्वास सोडल्यावर उरणारा हवेचा साठा आधीच कमी असतो आणि उताणे झोपवून भूल दिल्यावर पोटाच्या भाराने तो आणखी घटतो, तर ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. परिणामी शुद्ध ऑक्सिजन आधी भरपूर देऊनही श्वास थांबताच रक्तातील ऑक्सिजनची पातळी, सडपातळ माणसात सुमारे ६ मिनिटांनी जेथे पोहोचते तेथे, ३ मिनिटांच्या आतच घसरते. म्हणून श्वासनळीत नळी घालण्यापूर्वी रुग्णाच्या पाठीखाली उशा-चादरींचा उतार रचून कानाचे भोक आणि उरोस्थीची वरची खाच एका पातळीत आणतात, मेजाची डोक्याकडील बाजू उंच करतात आणि या टप्प्यात वायूचा प्रवाह मुळीच कमी करत नाहीत. झोपेत श्वास अडणे हा विकार या रुग्णांत वारंवार आढळतो आणि पुष्कळदा तो शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीतच प्रथम लक्षात येतो.

नळी बसल्यानंतरची पहिली ५ ते १० मिनिटे मिनिटाला ४ ते ६ लिटर प्रवाह ठेवून शरीरातील व मंडलातील नायट्रोजन बाहेर काढला जातो आणि औषधाच्या वाफेची पातळी भरून घेतली जाते. त्यानंतरच प्रवाह खाली आणतात. येथून पुढचे गणित अतिस्थूल रुग्णात वेगळे चालते आणि या विषयाचे मर्म तेथेच आहे. शरीराचा दर मिनिटाचा ऑक्सिजनवापर ब्रॉडी यांच्या सूत्राने, म्हणजे वजनाचा ०.७५ वा घात गुणिले १०, असा काढतात. ७० किलोंच्या माणसाला तो सुमारे २४० मिलि. येतो, तर १४० किलोंच्या माणसाला प्रत्यक्ष वजन धरून सुमारे ४०० मिलि. आणि मेदविरहित वजन धरून सुमारे २६० मिलि.; मेद-ऊती ऑक्सिजन थोडा वापरते, त्यामुळे खरा आकडा या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी असतो. आता मिनिटाला ५०० मिलि. प्रवाह ठेवून त्यात ६० टक्के, म्हणजे ३०० मिलि., ऑक्सिजन दिला, तर पहिल्या रुग्णात ६० मिलि. शिल्लक राहतो, दुसऱ्याला ३२० मिलि. लागत असेल, तर मिनिटागणिक २० मिलि. तूट पडून मंडलातील ऑक्सिजनचे प्रमाण हळूहळू उतरू लागते. प्रवाहमापक मात्र तोच ६० टक्क्यांचा आकडा दाखवत राहतो. त्यामुळे अल्पप्रवाह या संज्ञेतील ‘अल्प’ किती, हे रुग्णावरून ठरते आणि यंत्रावर ठरावीक आकडा लावून मोकळे होता येत नाही. श्वासवायूतील ऑक्सिजनचे प्रमाण सतत मोजणारे विश्लेषक या पद्धतीची पूर्वअट ठरते ते याच कारणाने.

दुसरा परिणाम वेळेचा आहे. मंडल व फुप्फुसे मिळून ६ लिटर जागा धरली आणि शरीराचा शोष वजा जाता २०० मिलि. वायू उरत असला, तर व्हेपोरायझरच्या, म्हणजे औषधाची वाफ मिसळणाऱ्या उपकरणाच्या, डायलवरील बदलाचा सुमारे दोन-तृतीयांश परिणाम दिसायलाच अर्धा तास लागतो. रक्तदाब अचानक चढला, भूल वाढवायची आहे, अशा वेळी केवळ व्हेपोरायझर फिरवणे निरुपयोगी असते; प्रवाहही वाढवावा लागतो किंवा शिरेतून औषध द्यावे लागते. शस्त्रक्रियेच्या शेवटी वाफ बंद करून प्रवाह पुन्हा वाढवतात, म्हणजे मंडलातील औषध लवकर धुऊन निघते.

औषधांच्या निवडीत डेसफ्लुरेन व सेवोफ्लुरेन यांची तुलना नेहमी केली जाते. डेसफ्लुरेन रक्तात व मेदात कमी विरघळत असल्याने दीर्घ शस्त्रक्रियेनंतर अतिस्थूल रुग्ण लवकर जागा होतो, ही त्याची खरी जमेची बाजू. परंतु ते सुमारे २३° से. तापमानाला उकळते, म्हणजे पूर्व विदर्भातील गोंदियाचा उन्हाळाच काय, हिवाळ्यातील दुपारसुद्धा त्याला उकळायला पुरेशी असते. त्यामुळे त्याला विजेवर तापणारे व तापमान स्थिर राखणारे स्वतंत्र व्हेपोरायझर लागते. शिवाय वातावरण तापवण्याची त्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट आहे. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा वापर थांबवला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून, अपरिहार्य वैद्यकीय कारण वगळता, त्यावर बंदी आणली आहे. सेवोफ्लुरेनबाबतचा आक्षेप निराळा असून तीव्र अल्कली असलेल्या सोडा लाइमशी त्याचा संयोग होऊन ‘संयुग अ’ तयार होते. उंदरांच्या मूत्रपिंडांना त्याने इजा झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने प्रवाह १ लिटरखाली न नेण्याची सूचना दिली. माणसांत अशी इजा सिद्ध झालेली नाही आणि तीव्र अल्कली नसलेली नवी शोषके वापरल्यास हा प्रश्न जवळपास उरत नाही. उलट, दाणे कोरडे पडलेले असतील तर डेसफ्लुरेनपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होण्याचा धोका असतो. शनिवारी वायू चालू राहिलेल्या यंत्राचा डबा सोमवारी न बदलता वापरणे म्हणून निषिद्ध मानतात.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. वाफ २ टक्के व प्रवाह ६ लिटर असताना सेवोफ्लुरेन तासाला सुमारे ३६ मिलि. लागते, प्रवाह अर्धा लिटर केल्यास सूत्राप्रमाणे ३ मिलि. पुरते, पण कमी प्रवाहात डायल चढा ठेवावा लागत असल्याने प्रत्यक्ष खप याहून अधिक असतो. उरलेले औषध रुग्णाच्या शरीरात कधी गेलेलेच नसते, ते सरळ हवेत सोडलेले असते. १,५०० लिटरचा बी-टाइप ऑक्सिजन सिलिंडर ६ लिटर प्रवाहावर सव्वाचार तासही पुरत नाही आणि अर्ध्या लिटरवर ५० तास पुरायला हवा; परंतु श्वसनयंत्राचा भाता ऑक्सिजनच्याच दाबावर हलत असेल, तर तो भाताच मिनिटाला कित्येक लिटर गिळतो आणि सारी बचत कागदावर राहते. भाता संपीडित हवेवर चालवणे किंवा विजेवर चालणारे पिस्टनचे यंत्र घेणे हा त्यावरचा उपाय आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट १२ ते १५ मिमी. पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरून फुगवतात. त्यातील काही वायू रक्तात उतरतो, त्यामुळे सोडा लाइम लवकर संपते आणि श्वासान्ती कार्बन डायऑक्साइड मोजणे अनिवार्य होते. हे मोजणारे यंत्र नमुन्यासाठी मिनिटाला १५० ते २०० मिलि. वायू खेचते, तो मंडलात परत सोडला नाही, तर अर्ध्या लिटरच्या प्रवाहातील मोठा हिस्सा तेथेच जातो. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराची रुंदी ठरवण्यासाठी तोंडावाटे जाड नळी, म्हणजे बुजी, घालण्याचे कामही भूलतज्ज्ञाकडे असते. स्टेपलर चालवण्यापूर्वी जठरातील इतर नळ्या काढल्याची खात्री तोच देतो, आणि बुजी सरकवताना श्वासनळीच्या फुग्याभोवती गळती सुरू झाल्यास पुरता वर न येणारा भाता ती सर्वांत आधी सांगतो.

ही पद्धत गोंदियासारख्या जिल्ह्यात पाहायची, तर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय व बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय यांच्या आधारे सुरू झाले. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्यातील रुग्ण बहुधा रेल्वेने सुमारे १३० किमी. वरील नागपूर किंवा पलीकडचे रायपूर गाठतो. तथापि अतिस्थूल रुग्ण पित्ताशयासाठी, हर्नियासाठी, सिझेरियनसाठी गावातच मेजावर येतो आणि वरील सारे गणित तेथेही लागू पडते. पूर्व विदर्भाची आणखी एक खूण येथे विसरून चालत नाही, ती म्हणजे सिकलसेल. ऑक्सिजन घटला, शरीर गार पडले किंवा रक्तातील आम्लता वाढली की या विकारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात. अल्पप्रवाह पद्धतीत श्वासवायू उबदार व दमट राहतो, हे अशा रुग्णाच्या हिताचे आहे. पण तिच्यातील मोठी चूक, म्हणजे ऑक्सिजनची न दिसणारी तूट, त्यालाच सर्वांत महाग पडते. म्हणून देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांतून आलेल्या रुग्णाचा सिकलसेल तपासणीचा अहवाल भूलपूर्व तपासणीतच हाती असणे आवश्यक आहे.

लहान रुग्णालयांतून अजून दिसणाऱ्या जुन्या बॉईल्स भूलयंत्रावर बेन मंडल जोडलेले असते. त्यात शोषकाचा डबाच नसल्याने किलोमागे ७० मिलि. या सूत्राप्रमाणे १२० किलोंच्या रुग्णाला मिनिटाला ८ लिटरहून अधिक ताजा वायू द्यावा लागतो, आणि काटकसरीपोटी तो कमी केला तर रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा श्वासात घेतो. चक्राकार मंडल, ऑक्सिजन विश्लेषक आणि श्वासान्ती वायूमापक ही तिन्ही साधने जेथे एकत्र नाहीत, तेथे अतिस्थूल रुग्णाला अल्पप्रवाह भूल देऊ नये; आणि जिल्ह्याच्या रुग्णालयाला निधी मिळाल्यास तो डेसफ्लुरेनच्या व्हेपोरायझरआधी वायू विश्लेषकावर खर्च करणे अधिक योग्य.